वाचकांचे प्रश्न : चालू टर्बाइन बरी, थांबलेली सांभाळा

मागच्या अंकात गॅस टर्बाइनवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. विमानाच्या इंजिनाबद्दल विचारणाऱ्यांनी आज माफ करावं, आज फक्त जमिनीत फाउंडेशन बोल्ट मारून बसवलेली, जनरेटर नाहीतर गॅस कॉम्प्रेसर फिरवणारी मशीनं. प्रश्न थोडे कापलेत. नावं कुणाचीच देत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी आपल्याच साहेबांची तक्रार केलीये.

प्रश्न: तीन महिन्यांत आमच्या टर्बाइनचा फुल लोड हळूहळू खाली आलाय. ऑपरेशनवाले म्हणतात हवा तापलीये, मेंटेनन्सवाले म्हणतात टर्बाइनच्या आतला हवा दाबणारा कॉम्प्रेसर घाण झालाय. खरं कुणाचं?

उत्तर: दोघांचंही असू शकतं, म्हणूनच तर भांडण मिटत नाही. हवा तापली की विरळ होते, वजनाने कमी हवा आत जाते आणि एका डिग्रीमागे साधारण अर्धा ते एक टक्का पॉवर जाते, त्यामुळे तेव्हाचे मेगावॅट आणि आजचे मेगावॅट असे नुसते शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोन्ही आकडे आधी आयएसओ कंडिशनला करेक्ट करा, म्हणजे १५ डिग्री, समुद्रसपाटीचं प्रेशर आणि ६० टक्के आर्द्रता. त्याचे कर्व्ह मशीनसोबत आलेल्या फायलीत असतात, फाइल कुणाच्या तरी कपाटात कुलपात असते ते वेगळं. करेक्ट करूनही फरक उरला तर आयजीव्ही (कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा कमीजास्त करणारी पाती) तेवढेच उघडे असताना कॉम्प्रेसर डिस्चार्ज प्रेशर किती पडलंय ते बघा, आणि इनलेट फिल्टरचा डीपी, म्हणजे त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक बघा. फिल्टर ठीक आणि डिस्चार्ज प्रेशर पडलेलं, तर ब्लेडवर थर बसलाय असं धरून चाला.

एवढ्याशा थराने काय होतंय असं वाटेल, पण टर्बाइन जेवढी ताकद काढते त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त तिचाच कॉम्प्रेसर खाऊन टाकतो. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला ब्राउन बोव्हेरीने गावाच्या विजेसाठी गॅस टर्बाइन बसवली, त्या प्रकारातली ती पहिली, तिची टर्बाइन १५,४०० किलोवॅट काढायची, त्यातले ११,४०० कॉम्प्रेसर घ्यायचा आणि हातात उरायचे ४,०००. आताच्या मशीनचं गणित बरंच सुधारलंय, तरी कॉम्प्रेसर जरा आजारी पडला की फटका दोन्हीकडून बसतो, हवाही कमी आणि खाणंही जास्त.

तर ऑफलाइन वॉश घ्या. चालू मशीनवरचा ऑनलाइन वॉश म्हणजे रोजचं दात घासणं, पुढच्या स्टेजेसना, म्हणजे ब्लेडच्या पहिल्या रांगांना, तो लागतो, मागे जाईपर्यंत पाण्याची वाफ झालेली असते. ऑफलाइनला मशीन आधी थंड होऊ द्यायचं, पाणी आणि आतलं मेटल यांच्यातला फरक मेकरने दिलेल्या मर्यादेत आला की मगच क्रँक स्पीडवर, म्हणजे इंधन न पेटवता नुसत्या स्टार्टरने फिरवत, डिटर्जंट आत सोडायचं, मग थांबवून वीसेक मिनिटं भिजू द्यायचं आणि मग रिन्स. ड्रेन सगळे उघडे हवेत, आणि बेअरिंगच्या सीलिंग एअरच्या, ट्रान्समीटरच्या लाइनी आधी बंद, नाहीतर साबणाचं पाणी भलतीकडेच जाऊन बसतं. रिन्स किती वेळा हे लोक घड्याळावर ठरवतात, मला ते पटत नाही. ड्रेनखाली पांढरा प्लास्टिकचा मग धरा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं येतं, वर तेलकट फेस, दोनतीन खेपांनी पिवळसर होतं, मग साफ दिसायला लागतं आणि सगळे म्हणतात झालं. झालेलं नसतं. कंडक्टिव्हिटी मीटर बुडवा, आत जाणाऱ्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याच्या जवळपास आकडा आला की थांबा. आणि डीएम संपलंय, साधंच वापरू असं कुणी म्हटलं तर त्याला तिथून हाकला, कारण साध्या पाण्यातलं सोडियम आणि इंधनातलं, हवेतलं सल्फर मिळून सोडियम सल्फेट होतं, ते गरम ब्लेडवर वितळून बसतं आणि कोटिंग पोखरत जातं. हॉट कोरोजन म्हणतात ते हेच.

एक जाताजाता. वॉशनंतर महिन्याभरात परत तेच झालं तर पुन्हा वॉश लावू नका, मशीन थांबलेलं असताना टॉर्च घेऊन हवा आत शिरते त्या बेलमाउथमध्ये जा आणि आयजीव्हीच्या मुळाशी पांढरं फडकं फिरवा. फडकं तेलकट आलं तर पुढच्या बेअरिंगचं सील नाहीतर लुब ऑइलचा व्हेंट बघा. तेल बसलं की धूळ चिकटणारच, मग कितीही धुवा.

प्रश्न: या वर्षात ११ ट्रिप झाल्या, म्हणजे मशीन आपोआप एकदम बंद पडलं, सगळ्या फुल लोडवरून, बऱ्याचशा इन्स्ट्रुमेंटच्या खोट्या सिग्नलवर. पण रनिंग अवर्स कमी भरलेत. पुढचं इन्स्पेक्शन तासांवरच धरायचं ना?

उत्तर: तुमच्या मॅनेजरला हेच उत्तर हवंय हे कळतंय, पण नाही. टर्बाइनचं वय नुसत्या तासांवर नसतं. काही मेकर तास आणि स्टार्ट वेगवेगळे मोजतात, काही दोन्ही मिळून इक्विव्हॅलंट अवर्स काढतात, पण ट्रिपला सगळेच जास्त वजन देतात. हेवी ड्यूटी मशीनच्या एका गाजलेल्या गाइडलाइनमध्ये फुल लोडवरची एक ट्रिप म्हणजे ८ साध्या स्टार्ट-स्टॉपएवढी धरलीये. तुमच्या ११ म्हणजे ८८ झाल्या. तिथेच पीक लोडचा (जास्त तापवून काढलेल्या जादा पॉवरचा) एक तास नेहमीच्या बेस लोडच्या ६ तासांएवढा धरतात, तो हिशोबही कुणी ठेवत नाही. तुमच्या मशीनला कुठला फॉर्म्युला लागतो ते मॅन्युअलमध्येच बघा, माझे आकडे उचलून लावू नका.

असं का, तर ट्रिपला इंधन क्षणात तुटतं, हवा मात्र येतच राहते. ब्लेडची मागची कड पातळ, ती पटकन गार होते, आतला जाड भाग अजून तापलेलाच, आणि या ओढाताणीत कडेला बारीक भेगा सुरू होतात. तास मेटलला हळूहळू ताणून मारतात, ट्रिप त्याला वाकवून मारते. त्यामुळे इन्स्पेक्शनच्या तारखेचा वाद घालायच्या आधी ११ ट्रिपची यादी काढा आणि प्रत्येकीसमोर टॅग नंबर लिहा, एकच ट्रान्समीटर नाहीतर एकच जंक्शन बॉक्स चारपाच वेळा आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. एकाच सेन्सरवर ट्रिप बसवलेली असेल तर तीन सेन्सरपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिप अशी व्होटिंग करता येते का ते मेकरला विचारा. टर्मिनलचा स्क्रू ढिला आणि बिल ब्लेडच्या सेटचं, असं बघितलंय मी.

प्रश्न: ट्रिपनंतर टर्निंग गिअर (थांबलेला रोटर हळू फिरवत ठेवतो तो) लागलाच नाही, रोटर ४० मिनिटं उभा होता. शिफ्ट इनचार्ज म्हणाले क्रँक करून मोकळा करू. मी नको म्हणालो तर शिव्या खाल्ल्या. चूक कुणाची?

उत्तर: शिव्या खाल्ल्या ते वाया गेलं नाही. गरम मशीन उभं राहिलं की आतली गरम हवा वर जाते, रोटरची वरची बाजू जास्त गरम, खालची कमी, त्यामुळे तो केसाएवढा का होईना वर बाक घेतो. केसिंगही तसंच वर फुगतं आणि सीलमधला गॅप कुठेतरी संपतो. अशा वेळी जोर लावला की सील घासतात, ब्लेडची टोकं घासतात, त्या घासण्याने तिथे अजून उष्णता येते आणि बाक वाढतो.

बरेच मॅन्युअल साधारण असं सांगतात की रोटर हाताने फिरतोय का बघा, फिरत असेल तर खूण करून अर्धा फेरा द्या, जेवढा वेळ तो उभा होता तेवढा वेळ त्या बाजूला थांबू द्या आणि मग टर्निंग गिअर लावा. फिरतच नसेल तर हात काढून घ्या आणि गार होऊ द्या, त्याला बारा तास लागोत नाहीतर चोवीस. नंतर स्टार्ट करताना क्रँक स्पीडला व्हायब्रेशन नेहमीपेक्षा जास्त दिसलं तर पुढे जाऊ नका, तिथेच फिरू द्या.

पण या सगळ्या गोंधळात लुब ऑइल पंप चालू होता का हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि मला भीती त्याचीच वाटते. रोटर उभा असला तरी गरम डिस्कमधली उष्णता शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकत राहते. बेअरिंगचं बॅबिटचं अस्तर २४० डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं आणि मऊ तर त्याच्या बरंच आधी पडतं. म्हणून तेल बंद करायचं नाही, एसी गेला तर डीसी पंप लागलाच पाहिजे, आणि तो लागतो की नाही हे ठरल्या दिवशी खरंच चालवून बघायचं, लॉगबुकात टिक मारून नाही.

प्रश्न: एक्झॉस्ट स्प्रेड अलार्म येतोय, म्हणजे एक्झॉस्टच्या थर्मोकपलमध्ये (तापमानाच्या सेन्सरमध्ये) फरक जास्त पडलाय. एक थर्मोकपल ६० डिग्री कमी दाखवतंय. इंधनाचं नोझल काढू का?

उत्तर: थांबा जरा. शेजारचे दोन काय दाखवतायत? कॅन (इंधन जळतं तो डबा, असे बरेच गोलात असतात) थंड पडला असेल तर गॅसचा एक अख्खा पट्टा थंड येतो, शेजारच्या दोघांना पण तो थोडा तरी खाली ओढतो. एकच बिचारा खाली आणि दोन्ही शेजारी मजेत असतील तर आधी संशय थर्मोकपलवर, त्याच्या केबलवर, टर्मिनलवर.

दुसरी परीक्षा फुकटची आहे. गॅस टर्बाइनच्या ब्लेडमधून जाताना गॅस गोल फिरत जातो, त्यामुळे ३ नंबरच्या कॅनचं थंडपण बरोबर त्याच्या मागच्या थर्मोकपलवर दिसत नाही, पुढे सरकून दिसतं, आणि किती सरकणार हे लोडवर अवलंबून असतं. लोड थोडा कमी करा आणि बघत बसा. थंड जागा एका थर्मोकपलवरून शेजारच्यावर सरकली तर भानगड ज्वलनाची आहे, तिथेच ठाण मांडून बसली तर इन्स्ट्रुमेंटची. सरकली तर मग गॅस किती फिरतो ते देणाऱ्या स्वर्ल चार्टवरून उलटं मोजत कुठला कॅन ते काढा आणि तो उघडा, सगळे नाही. आत नोझल चोंदलेलं असेल, लाइनरला भेग असेल, दोन कॅन जोडणारी क्रॉसफायर ट्यूब जळलेली असेल. नोझल बदलताना एकच नवीन लावून मोकळे होऊ नका, सगळा सेट फ्लो टेस्ट करून जुळलेला हवा, नाहीतर एकाच कॅनला जास्त इंधन जाऊन तिथे उलट गरम पट्टा तयार होतो आणि तो थंड पट्ट्यापेक्षा वाईट.

प्रश्न: आमचं मशीन फक्त गरज पडली की चालतं. आठवडाभर उभं राहिलं की सुरू करताना गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतो, दुसऱ्या प्रयत्नात चालतो. तो व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाने हलवणारा सर्व्हो तीनदा बदलला. तेलाचा रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे.

उत्तर: तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे कारण त्यात जे बघायला हवं ते कुणी बघितलंच नाहीये. व्हिस्कॉसिटी, पाणी, ॲसिड नंबर सगळं ठीक असतानाही तेलात व्हार्निश, म्हणजे तेल खराब होऊन झालेला चिकट मळ, असू शकतं. तेल गरम असतं तोवर ते विरघळलेलं राहतं, फिल्टरमधून आरामात निघून जातं, आणि मशीन उभं राहून तेल गार झालं की बाहेर पडून थंड कोपऱ्यात जाऊन चिकटतं. सर्व्होच्या स्पूलला, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याला, हलायला जागा काही मायक्रॉनचीच, तिथे हा तपकिरी चिकट थर म्हणजे फेव्हिकॉल. जुना सर्व्हो अजून स्टोअरमध्ये पडला असेल तर खोलून स्पूल उजेडात धरा, सोनेरी नाहीतर तपकिरी झाक दिसेल, बोटाने पुसून जात नाही पण नख लावलं की जाणवते.

लॅबला एमपीसी (मेंब्रेन पॅच कलरिमेट्री) टेस्ट सांगा. त्यात तेल आधी २४ तास ६० ते ६५ डिग्रीला ठेवतात, मग तीनेक दिवस अंधारात साध्या तापमानाला, आणि मग बारीक मेंब्रेनमधून गाळून त्या चकतीवर रंग किती चढला ते मोजतात. हा थांबायचा वेळ वाचवणारी लॅब असेल तर दुसरी बघा. साधारण १५ च्या आत आकडा असेल तर निवांत, ३० च्या पुढे गेला तर तुमचं दुखणं हेच. उपाय म्हणून नुसतं तेल बदलू नका, पाइप आणि टाकीच्या भिंतींना बसलेलं व्हार्निश नव्या तेलात उतरतं आणि काही महिन्यांत परत तेच. रेझिनवाली क्लीनिंग युनिट बायपासला लावून ठेवा, मशीन उभं असतानाही ती चालू राहू द्या. चौथा सर्व्हो मागवू नका एवढंच सांगतो.

प्रश्न: बोअरस्कोपमध्ये (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यात) पहिल्या स्टेजच्या नोझल व्हेनवर भेग दिसलीये आणि दोन ब्लेडचं कोटिंग उडालंय. घाबरायचं का?

उत्तर: व्हेन म्हणजे गॅस ब्लेडवर वळवणारं पातं, ती जागेवर बसून असते, तिच्यावर फिरण्याचा ताण नाही, त्यामुळे तिच्या भेगा लांबी आणि जागेच्या मर्यादेत बहुतेक मेकर चालवून घेतात. फिरणाऱ्या ब्लेडवर भेग दिसली तर मात्र वेगळी गोष्ट, तिथे मेकरला विचारल्याशिवाय मशीन फिरवायचं नाही, कारण एक ब्लेड सुटली तर ती एकटी जात नाही, मागची अख्खी रांग घेऊन जाते. कोटिंग उडणं या दोन्हींच्या मधलं. वरचा पांढरा झिर्कोनियाचा थर गेला आणि खालचा त्याला धरून ठेवणारा बाँड कोट शाबूत असेल तर लक्ष ठेवून काही काळ चालवता येतं, पण बेस मेटल उघडं पडून काळंनिळं, खडबडीत दिसत असेल तर ते मेटल आता जास्त गरम चालतंय, आणि क्रीपचं (गरम मेटल ताणाखाली हळूहळू लांबत जाण्याचं) असं आहे की १५ एक डिग्री मेटल वाढलं तरी आयुष्य निम्म्याच्या घरात येतं.

फोटो पाठवलेत ते बघितले, पण मापाची पट्टी नाही, ब्लेड नंबर नाही आणि अँगल दर वेळी वेगळा. गेल्या वेळच्या अँगलनेच काढा. आणि टर्निंग गिअरवर रोटर सरकवताना ब्लेड मोजत जा, सुरुवातीच्या ब्लेडची खूण लिहून ठेवा. ९२ च्या रांगेत ९० ब्लेडचेच फोटो निघालेले रिपोर्ट मी बघितलेत, आणि कुठल्या दोन राहिल्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

प्रश्न: रिपेअर केलेल्या ब्लेड लावू की नव्याच घेऊ?

उत्तर: चांगल्या शॉपमधून रिपेअर झालेल्या बिनधास्त लावा. पण नुसती टिप वेल्ड करून, कोटिंग मारून चकचकीत केलेल्या ब्लेडला रिपेअर म्हणू नका. हजारो तास गरम राहिलं की आतली रचनाच जाडीभरडी होते, ती परत आणायला हीट ट्रीटमेंट लागते, इन्कोनेल ७३८ या ब्लेडच्या मिश्रधातूला ११२० डिग्रीला सोल्युशन आणि मग ८४५ डिग्रीला २४ तास एजिंग असं ठरलेलं आहे. शॉपला दोन गोष्टी विचारा, फर्नेसचे चार्ट दाखवा आणि सेटमधली एक ब्लेड कापून मायक्रोस्ट्रक्चर बघितलं का ते सांगा. कापलेली ब्लेड तुमची गेली असं वाटतं पण ती एकच सगळ्या सेटची खरी बातमी देते. आणि मोमेंट वेट (फिरताना ब्लेडचं वजन मधल्यापासून किती लांब ओढतं त्याच्या) चार्टशिवाय ब्लेड परत घेऊ नका, कुठली ब्लेड डिस्कच्या कुठल्या खाचेत हे त्यावरूनच ठरतं.

प्रश्न: टर्बाइनच्या एन्क्लोजरमध्ये (बंद खोलीत) दोन मिनिटांचं काम असेल तरी आग विझवायचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आयसोलेट करायचा का? परमिटला तासभर जातो.

उत्तर: हो. हवेत १० टक्क्यांच्या वर सीओटू गेला की माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि आग विझवायला ही सिस्टीम त्याच्या तिप्पट सोडते. दाराकडे धावत जाऊ असं वाटतं, धावता येत नाही. तासभर जाऊ द्या.

प्रश्न: मी २२ वर्षांचा, नुकताच लागलोय. मेजर ओव्हरहॉल चालू आहे आणि मला केसिंगजवळ टेबल टाकून फक्त आत जाणारं सामान लिहायला बसवलंय. पाना गेला, पाना आला. बाकीची मुलं खरं काम शिकतायत. सर, मी काय चुकलो?

उत्तर: काही नाही रे चुकलास. मी पण त्या टेबलावर बसलोय, तुझ्याएवढाच होतो, आणि मला पण वाटायचं की आपल्याला काही येत नाही म्हणून बसवलंय. पंधराव्या दिवशी वरचं केसिंग खाली बसवायची तयारी झाली, क्रेन लागलेली, सगळे थकलेले, आणि माझ्या वहीत एक वॉशर आत गेलेला होता पण बाहेर आलेला नव्हता. दहा एमएमचा असेल. मी बोललो तर फोरमन म्हणाला लिहायला चुकला असशील. मी म्हटलं असेन, पण मग तुम्ही सही करा. त्याने सही केली नाही.

मग पाच तास टॉर्च आणि आरसे घेऊन सगळे खालच्या केसिंगमध्ये, कॉम्प्रेसरच्या प्रत्येक स्टेजमध्ये, ब्लीडच्या खाचेत, आणि येताजाता प्रत्येक जण माझ्याकडे एक नजर टाकून जाणार. शेवटी तो वॉशर सापडला एका फिटरच्या बुटाच्या तळव्यात, ग्रीससकट खाचेत रुतून बसलेला, तो चहाला गेला तेव्हा त्याच्यासोबत बाहेर गेला आणि परत आत आला. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे आत जाणाऱ्याला खिशाशिवायचे कपडे आणि बुटावर कापडी कव्हर, आणि प्रत्येक पान्याला दोरी.

तुझ्या वहीत एक कॉलम वाढव, कोणाच्या हातात दिलं तो. मला तो तेव्हा सुचला असता तर पाच तास वाचले असते.